तेलबाबाच्या बरण्या

दर गुरुवारी काल्हेरच्या एका रिकाम्या गोदामात चार-पाचशे माणसे मांडी घालून बसत. समोरच्या फळीवर काचेच्या बरण्यांची रांग असे. प्रत्येक बरणीत पाणी, पाण्यावर तरंगणारे हिरवे मऊ खडे आणि काचेवर एकेका भक्ताचे नाव. ज्याचे खडे जास्त, त्याला पुढच्या ओळीत मान.

"डॉक्टर कागदावर आकडा दाखवतो, मी माल दाखवतो!" तेलबाबा गरजे. "हे मंतरलेले जैतुनाचे, म्हणजे ऑलिव्हचे तेल. यात अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे नसांतला गंज खाणारी साक्षात देवी! निजताना अर्धा पेला तेल, अर्धा पेला लिंबाचा रस, वर माझे पांढरे चूर्ण. सकाळी सगळे कोलेस्टेरॉल परसाकडे!"

"आन् डॉक्टरच्या गोल्या?" एका भक्ताने विचारले.

"एका म्यानात दोन तलवारी? गोळी घेतलीस की तेल रुसले!"

मागच्या ओळीत राघो बसले होते. टेक्निकल कॉलेजात रंगरसायन शिकून त्यांनी आयुष्य डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढले होते. हृदयातली नस शौचकूपात नेमकी कुठे उघडते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकात आढळले नव्हते. पण त्यांची नजर पहिल्या ओळीवर होती. तिथे त्यांचा धाकटा भाऊ काळूराम बसला होता. चारच महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली होती.

"दादा, सत्तेचाळीस खडे निघाले!" घरी आल्यावर काळूराम म्हणाला. "तुज्या वयनीला, कमळाला इचार, तिनंच मोजले." कमळा म्हणजे त्याची बायको.

"गोळ्या कवापासून बंद आहेत?"

"अठरा दिस. कसं हलकं वाटतंय!"

"काळू, त्या स्प्रिंगवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्या गोळ्या आहेत. आत्ता घे."

"आधी बाबाला खोटा शाबीत कर. तू कॉलेजचा मानूस ना? मंग मूठभर गोल्या गिलतो."

राघोंनी ते आव्हान स्वीकारले. वीस वर्षे याच काळूरामने डाइंगच्या हौदातून तेल आणि सोड्याच्या अशाच गाठी झाऱ्याने उपसल्या होत्या. हौदातली गाठ तो अंधारातही ओळखी; स्वतःच्या पोटातून आलेली मात्र ओळखेना.

राघोंनी आधी स्वतःचे रक्त तपासून घेतले. कोलेस्टेरॉल अगदी बेताचे होते. मग बाबाच्या तेलात त्यांनी रतनजोतीची मुळी मुरवली. रश्श्याला लाली आणणारी ही मुळी तेलात तांबडी उतरते आणि क्षार लागला की जांभळी होते. ते तेल, लिंबू आणि चूर्ण त्यांनी ठरल्या मापाने घेतले. सोमवारी सकाळी एकतीस खडे पडले. हिरवा एकही नव्हता, सगळे जांभळट. त्यातला एक त्यांनी गरम पाण्यात टाकला. तो वितळला आणि पाण्यावर तेलाचा तवंग पसरला.

उलगडा झाला होता. परंतु एका नमुन्यावर निष्कर्ष काढायचा नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. पुन्हा एकदा प्रयोग करू आणि गुरुवारी सर्वांसमोर मांडू, असे त्यांनी ठरवले. काळूरामला ते काहीच बोलले नाहीत.

बुधवारी पहाटे काळूरामच्या छातीत कळ उठली. रिक्षा धामणकर नाक्याच्या गर्दीतून इस्पितळात पोहोचली तेव्हा उशीर झाला होता. स्प्रिंगमध्ये गुठळी धरली होती.

तेरावे उरकल्यावरच्या गुरुवारी राघो कमळाला घेऊन गोदामात गेले. काळूरामची बरणी अजून फळीवरच होती.

"श्रद्धा कच्ची होती त्याची," बाबा हळहळला.

कमळा ताडकन उठली. "चोवीस दिस गोली न्हाय खाल्ली त्या मानसानं! आनखी किती पक्की पायजे व्हती रं?"

राघोंनी आपला रक्ताचा अहवाल आणि जांभळ्या खड्यांची बाटली पुढे ठेवली. "माझ्या रक्तात जादा कोलेस्टेरॉल नाही, तरी एकतीस खडे पडले. मी तेलाला रंग दिला, तोच रंग खड्यांना चढला. कोलेस्टेरॉलला रतनजोत कोणी पाजली होती, बाबा?"

मग त्यांनी काळूरामची बरणी उघडून खडे कढत पाण्यात ओतले. पाहता पाहता तेल वर आले.

"हा साबण आहे. आपण प्यालेले तेल पोटातल्या रसांनी आणि क्षारांनी गोठते, पित्ताने हिरवे होते. पांढरे चूर्ण म्हणजे जुलाबाचे मीठ; ते त्याला बाहेर ढकलते. एवढाच चमत्कार. जैतुनाचे तेल वाईट नाही. तूप-डालड्याच्या जागी जेवणात वापरले, तर वाईट कोलेस्टेरॉल थोडे उतरते. थोडेच. ते नसा धूत नाही आणि गोळीची जागा घेत नाही."

"नास्तिक आहे हा!" बाबा ओरडला. "घरचा माणूस गेला, म्हणून भ्रमिष्ट झालाय!"

राघो लोकांकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला.

"पुरावा माझ्याकडे सोमवारीच होता. मी गुरुवारची वाट पाहिली आणि भाऊ बुधवारी गेला. यातला माझा वाटा मी नाकारत नाही. तुम्ही शंका घ्या, तपासा, माझे म्हणणेही तपासा. पण तपासायला दिवस लागतात. तोवर चालू गोळी बंद करू नका. ज्यांनी केली असेल, त्यांनी इथून घरी जाऊ नये. थेट डॉक्टरकडे जावे."

पहिल्या ओळीतून तीन माणसे उठली आणि दाराकडे निघाली. बाकीची बरण्यांकडे बघत बसून राहिली.