डोहाळजेवणाचं लुगडं

बचत गटाचं कर्ज मंजूर झालं आणि जयाच्या जिवाला घोर लागला. लोक अशा वेळी पेढे वाटतात. हिची झोप उडाली. कारण कर्जात एकच वस्तू बसत होती. कापड कापायचं विजेचं मशीन, नाहीतर कॉम्प्युटरवर गोधडीची मांडणी करायचं सॉफ्टवेअर. दोन्हीपैकी काय घ्यायचं ते जयानेच ठरवायचं होतं, कारण कसबा पेठेतल्या दोन खोल्यांतला गोधड्यांचा कारखाना तिच्या नावावर होता.

कारखाना म्हणजे तरी काय, तर जया, इंदुबाई आणि शिवायला येणाऱ्या आसपासच्या बायका. जया जमिनीवर बैठक मारून मांडणी करायची, म्हणजे कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग ते सांगायची, आणि इंदुबाई कात्रीने एकेक तुकडा कापून तिच्या हातात द्यायच्या. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. मग हिंजवडीला कंपन्या आल्या, तिथली पोरं अमेरिकेला निघाली, आणि जाताना आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी बरोबर न्यायची टूम निघाली. जिवंत असताना ज्या आईला पुण्याबाहेर नेलं नाही, तिची लुगडी थेट न्यू जर्सीला. जयाची काही तक्रार नव्हती. काम हातात मावत नव्हतं एवढंच.

तिची भाची चैताली कॉम्प्युटरचा कोर्स करून नुकतीच हाताखाली आली होती. बुधवार पेठेतल्या दुकानात तिने सॉफ्टवेअर बघून ठेवलं होतं. "मावशी, एकदम सिंपल आहे गं. प्रत्येक साडीचा फोटो काढायचा, खाली रंगाचं नाव टाकायचं, आणि सगळी मांडणी स्क्रीनवर. कस्टमरने ओके म्हटलं की मगच कापायचं."

"आणि मी काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?"

चैताली हसली. जयाला मात्र हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. खरं तर तिला हल्ली बरंच काही दिसत नव्हतं. सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हा मोतीबिंदू नव्हे, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. गेलेले रंग परत येणार नाहीत. गडद रंग तर आताच एकमेकांत कालवल्यासारखे दिसत होते. हे तिने कुणाजवळही बोलून दाखवलं नव्हतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, शाळा अर्ध्यात सुटलेली. 'जयाबाईंची नजर' असं लोक म्हणायचे, त्या दोन शब्दांवर ती ताठ मानेने जगत होती. सॉफ्टवेअर आलं की मांडणी चैतालीकडे जाणार आणि आपण अडगळीत पडणार, ही धास्ती तिला रात्री झोपू देत नव्हती.

मशीन आलं की इंदुबाईंची कात्री जाणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने मशीनच घ्यायचं ठरवलं. बुडायला लागलेलं माणूस शेजारच्याच्या खांद्यावर पाय देतं, तसं तिने केलं.

"तुमचे हात फार दुखतात ना इंदुबाई, म्हणून म्हटलं मशीनच घेऊ," ती म्हणाली.

इंदुबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "माझ्या हातांची काळजी कधीपासून लागली तुला?" एवढंच बोलून त्यांनी कात्री पिशवीत टाकली आणि चपला घातल्या. चहाला येत जाईन म्हणाल्या, पण आल्या नाहीत.

मशीन आलं. एकावर एक लुगड्यांची थप्पी रचायची, वरून पातं फिरवायचं, की सगळे थर एका दमात कापून मोकळे. पहिलंच काम सुदर्शन नावाच्या तरुणाचं होतं. आई नुकतीच गेलेली. स्वतःला आणि भावंडांना गोधड्या हव्या होत्या. चैताली जेवायला गेली होती तेव्हा तो गाठोडं घेऊन आला.

"हे हिरवं इरकली लुगडं आईच्या डोहाळजेवणाचं आहे. मी पोटात होतो तेव्हाचं," तो म्हणाला. "हे कापू नका. माझ्या गोधडीला आतून अख्खं लावा, अंगाला लागेल असं."

"निश्चिंत राहा," जया म्हणाली.

गाठोड्यात दुसरंही एक इरकली होतं, गडद निळं. पोत तोच, काठ तेच, त्यामुळे बोटांनाही फरक कळेना. जयाने दोन्ही उजेडात धरून पाहिली. चैताली जेवून आली की तिला विचारावं असं एकदा मनात आलंही. पण मावशीला हिरवं-निळं कळत नाही हे एकदा बाहेर पडलं, की मशीन घेऊनही सगळं तिथेच संपलं असतं. तिने मनाचा हिय्या केला, एक बाजूला ठेवलं आणि दुसरं थप्पीत रचलं. जेवून आलेल्या चैतालीने बटण दाबलं.

काम झाल्यावर तुकडे आवरताना चैताली सहज म्हणाली, "मावशी, हे निळं का वेगळं ठेवलंस?"

जया तशीच उठली, भिंती चाचपत बोळ ओलांडून इंदुबाईंच्या दारात गेली आणि ढसाढसा रडत सगळं बोलून गेली. लुगडं, डॉक्टर, डोळे, सगळं.

इंदुबाई तांदूळ निवडत होत्या. "डोळ्यांचं ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "हिरव्यावर हात ठेवून निळं कापा म्हणायचीस. मी निळं कापून द्यायचे. डोकं ठिकाणावर होतं गं तुझं, मांडणी कधी चुकली नाही. ते सॉफ्टवेअर घेतलं असतंस तर रंगाचं नाव खाली लिहिलेलं असतं. तूही राहिली असतीस आणि मीही."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

जयाने पदराने तोंड पुसलं. "उद्या तो येईल. त्याला काय सांगू? तुम्ही चला ना इंदुबाई, जोडून बघू, कुठे शिवण दिसणार नाही अशी..."

"ते आता अख्खं होत नाही," इंदुबाई म्हणाल्या. "मला सांगितलं नाहीस ते त्याला सांग." आणि त्या पुन्हा तांदळात बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सुदर्शन आला. जयाने त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो ओरडेल, असं तिला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खाली बसला आणि ढिगातून हिरवे तुकडे वेचून मांडीवर ठेवू लागला. जयाला राहवेना. तीही समोर बसली आणि सापडतील ते तुकडे त्याच्यापुढे करू लागली. तो एकेक घेत होता आणि त्यातले बरेचसे, तिला कळू नये अशा बेताने, परत ढिगात ठेवत होता.