झिपरू तांबटाची गोळी

हातोडी सुंदरबाईच्या कानाजवळून गेली आणि मागच्या तांब्याच्या हंड्यावर आदळली. हंडा चेपला. झिपरू तांबटाला हंड्याचंच जास्त वाईट वाटलं, आणि तेही त्यानं बायकोकडूनच वसूल केलं. तिचं मनगट धरून असं पिरगाळलं की आत काहीतरी कट्कन वाजलं. त्या हातातली पांढरी गोळी घरंगळत ऐरणीखाली गेली.

"बरा मानूसले गोळी कसाले?" तो म्हणाला. "एकदाव कल्हई करी का मंग भांडाकडे सहा महिना देखनं पडत नही."

झिपरू मूर्ख नव्हता. सोनगीरात त्याच्यासारखा हंडा घडवणारा दुसरा दाखवा. फक्त जगातली प्रत्येक वस्तू त्याला भांड्यासारखी दिसे. हिवाळ्यात त्याचे पाय सुजले, आडवं झालं की श्वास कोंडू लागला, तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की हृदय थकलंय, ही गोळी रोज सकाळी आणि जन्मभर. बरं वाटलं तरी सोडायची नाही. त्या दिवसांत झिपरू फार गुणी झाला होता. पाणी मागतानासुद्धा बायकोला 'बाई' म्हणायचा. हा आजार लग्नातच यायला हवा होता, असं आळीतल्या बायका म्हणत.

मग गोळी लागू पडली. सूज उतरली, हातोडी टणटण चालू लागली, आणि हातही. सुंदरबाई सकाळी जे त्याच्या तोंडात घालायची, ते संध्याकाळी तिच्याच पाठीवर परत यायचं. एवढा रोखीचा व्यवहार बाजारातही होत नाही. स्वराज्याला दहा वर्षं होत आली होती, पण ते झिपरूच्या उंबऱ्यापाशीच थांबलं होतं.

मनगट मोडलं त्या दिवसापासून तिनं गोळी पुढे केली नाही. डबी फळीवर पडून राहिली. थोड्याच दिवसांत हातोडी अडखळू लागली. दोन ठोके, मग दम. मारायला उठावं तर उठवेना. शिवी अर्ध्यावर सोडून झिपरू खांबाला टेकायचा. घर शांत झालं. शेजारची धुरपदाबाई मनगटावर हळदीचा लेप देताना हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे वं माय. गोळी बंद शे, तं मारबी बंद शे."

सुंदरबाईला त्या रात्री गाढ झोप लागली, आणि सकाळी त्या झोपेचीच भीती वाटली.

भर दुपारी झिपरू ऐरणीवर कोसळला. ओठ निळे पडलेले, तोंडाला फेस. बोलता येईना, नुसतं फळीकडे बघत होता. दारात आलेल्या धुरपदाबाईनं सुंदरबाईकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. सुंदरबाईनं डबी काढून पदरात बांधली, आग्रा रोडवर धावली आणि येणाऱ्या ट्रकसमोर आडवी उभी राहिली.

धुळ्याच्या दवाखान्यात सुया टोचून झाल्यावर झिपरूनं पुटपुटत तेच कल्हईचं सांगितलं. डॉक्टर वैतागले.

"अहो, ही कल्हई नव्हे. ही रोजची चूल आहे. काल पेटवली म्हणून आज भाकरी भाजते का?"

मग त्यांनी सुंदरबाईलाच फैलावर घेतलं, घरात बाई असून गोळी कशी चुकते म्हणून. तिनं सुजलेलं मनगट पदराखाली घेतलं. खाटेवरून झिपरूला ते दिसलं. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुन्हा गोळी सुरू झाली, पुन्हा सूज उतरली. ठोका सरळ पडू लागला, हे सुंदरबाईच्या पाठीला आधी कळलं. एका सकाळी चहा पांचट झाला म्हणून झिपरू हातोडीसकट आत आला. हात वर गेला.

सुंदरबाई हलली नाही. तिचं ते मनगट आता वळत नव्हतं. डबी गुडघ्यांत धरून तिनं दुसऱ्या हातानं झाकण काढलं आणि गोळी तळहातावर घेऊन पुढे केली.

"पहिले गोळी ल्या," ती म्हणाली. "मंग मारा."

हात बराच वेळ वर राहिला. मग हातोडी खाली आली, जमिनीला टेकली. झिपरूनं गोळी उचलली, तोंडात टाकली, पाणी प्यायला आणि बाहेर गेला.

ती चुलीशी कान देऊन बसली. कितीतरी वेळ आवाज नाही. मग एक ठोका पडला. हलका. थोडं थांबून दुसरा. तो चेपलेला हंडा झिपरू आतून ठोकून वर काढत होता.