जपून ठेवलेला उतार

मित्रांनो, मी एक लाकडी उतार आहे. तुम्ही मला रॅम्प म्हणाल. म्हणा बापडे! दोन वर्षं झाली, तरी माझ्या अंगावर एक ओरखडा नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते.

माझा जन्म गणिताच्या तासाला झाला. बाईंनी पुस्तकं मिटायला लावली आणि सांगितलं, शाळेत खरोखर अडलेलं काहीतरी शोधा आणि गणिताने सोडवा. मुलांना लांब जावं लागलं नाही. त्यांच्या वर्गातली एक मुलगी चाकाच्या खुर्चीवरून यायची. वाद घालण्यात कुणाला हार जायची नाही, म्हणून सगळे तिला वकिलीणबाई म्हणत. पण दारातल्या पायऱ्यांपुढे तिचं काही चालत नसे. रोज तिचे बाबा तिला उचलून वर आणत, आणि तेवढा वेळ ती कुणाकडे बघत नसे.

मुलांनी पायऱ्या मोजल्या, आकडेमोड केली आणि मला चांगला आखूड, उभा आखला. कागद बघून ती म्हणाली, "यावरून मी मागे घरंगळेन. मला एकदा तरी विचारलंत?"

सगळ्यांची तोंडं उतरली. मग तिलाच मध्ये बसवून गणित नव्याने मांडलं. उंचीच्या बारापट लांबी ठरली. भांडखोर पोरं ऐकून घ्यायला शिकली, मुखदुर्बळ पोरी सुताराला मापं बजावू लागल्या. रंग देण्याआधी ती एकदा माझ्यावरून चढली, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत. ते सुख काय सांगू तुम्हाला!

पुढे मला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि घात झाला. मुख्याध्यापकांनी मला सभागृहात मांडून भोवती दोरी बांधली. मला दाराशी लावा, असं बाई विनवत होत्या.

"चाकांनी रंग जाईल," ते म्हणाले. "मग पाहुण्यांना काय दाखवू?"

बाई एकदा बोलल्या, दोनदा बोलल्या, मग गप्प झाल्या. मुलांना गुण मिळाले होते. मुलं पुढच्या प्रकल्पाला लागली.

आणि एके दिवशी तिच्या बाबांच्या पाठीत चमक भरली, ती कायमची. आईला काही ती उचलवेना. वकिलीणबाईची शाळा सुटली ती सुटलीच.

पाहुणे मात्र येत राहिले. परवा एकाने माझी तोंडभर स्तुती केली आणि सहज विचारलं, "ज्या मुलीसाठी हा केला, ती कुठे आहे?" मुख्याध्यापकांनी चहा मागवला.

मित्रांनो, वस्तू जपा, असं सगळे सांगतात. माझं मागणं उलटं आहे. मला जपू नका. दोरी सोडा, पायऱ्यांवर टाका, झिजवा. मोडलो तर दुसरा करा, गणित तुम्हाला येतंच. पण आधी तिच्या घरी जा. ती येणारच नसेल, तर दारात मी कुणासाठी आडवा पडू?