उज्ज्वलाचं ‘बघते’

उज्ज्वलाला कुणाला तोंडावर नाही म्हणता येत नसे. यात विशेष काही नाही, आपल्यात फार थोड्यांना ते येतं. त्यासाठी मराठीनं एक छान सोय करून ठेवली आहे, ती म्हणजे ‘बघते’. नणंदेनं साड्यांच्या प्रदर्शनाला चल म्हटलं की बघते. शेजारणीनं पहाटेच्या योगवर्गाचं पत्रक हातात ठेवलं की बघते. ऐकणारा काय ते समजतो, विषय मिटतो आणि कुणाचं मन दुखत नाही. सेहेचाळीस वर्षं उज्ज्वलाचं असं बिनबोभाट चाललं होतं. अजेय ऑफिसात आला नसता तर पुढेही चाललं असतं.

ऑफिस कोलकात्यात सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमध्ये. मिक्सर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते आणि जी कुणीही वाचत नाही, ती तयार करणारी ही कंपनी. उज्ज्वलाचं काम शेवटच्या तपासणीचं. चित्रातला सात नंबरचा स्क्रू मजकुरातही सातच नंबरचा आहे ना, ‘हात घालू नये’ या वाक्यातला ‘नये’ कुठे पडला तर नाही ना, हे तिनं पाहायचं. नवरा माधव बँकेत अधिकारी, तीन वर्षांपूर्वी बदली होऊन कोलकात्याला आला. तेव्हापासून ती हे काम करत होती आणि तिला ते मनापासून आवडत होतं.

जूनमध्ये नवा मॅनेजर आला, अजेय. वय बत्तीस, आई अमरावतीची, पण जन्म आणि शाळा-कॉलेज सगळं गुरुग्रामला. पहिल्याच दिवशी तो तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, “उज्ज्वलाताई, तुम्ही मराठी आहात ना? मी पण आहे. म्हणजे, थोडा थोडा.” ऑफिसात तीन वर्षं बंगाली, हिंदी आणि इंग्रजीत दिवस काढलेल्या उज्ज्वलाला काय आनंद झाला! दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्यासाठी डब्यातून साबुदाण्याची खिचडी नेली.

मग अजेयच्या मागण्या सुरू झाल्या. संध्याकाळी साडेपाचला तो यायचा, अगदी आदरानं उभा राहायचा. “ताई, एक छोटीशी मदत पाहिजे होती. ही चाळीस पानं आज संध्याकाळी होऊन जातील का?”

उज्ज्वला हसून म्हणायची, “बघते.”

अजेय “थँक्यू ताई!” म्हणून निघून जायचा. तिला वाटायचं, चला, सुटले. दहा मिनिटांनी भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर त्या कामापुढे तिचं नाव निळ्या शाईत आलेलं असायचं. तिचा संताप संताप व्हायचा. नाही म्हटल्यावरही माझं नाव लिहितो! पण बोर्डावरचं नाव पुसायला काही ती उठायची नाही. काम घेऊन बसायची आणि सहाला सुटणारी बाई साडेआठला जिना उतरायची. त्या अडीच तासांची नोंद कुठेच नव्हती, बदली सुट्टीचं तर नावही काढायला नको. चार महिने हे चाललं. डोकं दुखू लागलं, रात्री झोपेत स्क्रू दिसू लागले आणि घरी रुचाशी बोलताना आवाज उगाच चढू लागला. रुचा तिची मुलगी, दहावीतली.

एवढंही उज्ज्वलानं निभावून नेलं असतं. पण यात तिचं पोहणं बुडत होतं.

सॉल्ट लेकमध्येच एका क्लबचा तलाव होता. एप्रिलमध्ये तिनं बायकांच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं होतं. लहानपणी सांगलीला भाऊ कृष्णेत उड्या मारायचे आणि ही घाटाच्या पायरीवर त्यांचे कपडे सांभाळत बसायची. तेव्हापासून मनात होतं ते इतक्या वर्षांनी जमून आलं होतं. शिकवणाऱ्या मौशुमीदी खमक्या होत्या. त्यांनी तिला पाण्यात तोंड घालायला शिकवलं, तरंगायला शिकवलं, आडवा तलाव पार करायला लावला. राहिलं होतं ते उभं अंतर, पंचवीस मीटर, न थांबता. जूनपासून मात्र आठवड्यातून एकदा जाणंही मुश्किल झालं. कोजागरीची लक्ष्मीपूजा होऊन गेली आणि क्लबनं पाटी लावली: गुरुवारी शेवटची चाचणी, त्यानंतर तलाव एप्रिलपर्यंत बंद. पुढच्या वर्षी करू म्हणायलाही जागा नव्हती, कारण मार्चमध्ये माधवची बदली ठरलेली. नवीन गावी तलाव असेल की नाही, मौशुमीदींसारखं कुणी भेटेल की नाही, काय सांगावं? तो गुरुवार गेला तर आपण पुन्हा पायरीवर कपडे सांभाळत बसणार, असं तिला वाटत होतं, आणि त्या विचारानं रडू येत होतं.

बुधवारी सकाळी ती पोळ्या लाटत होती. रुचा येऊन म्हणाली, “आई, शनिवारी मला मैत्रीणच्या घरी, तिकडे बेहालाला सोडशील?”

“बघते गं.”

रुचानं तिथल्या तिथे फोन लावला आणि मैत्रिणीला सांगितलं, “मा पारबे ना रे, आमि मेट्रोते आशबो.”

उज्ज्वलाचं लाटणं थांबलं. “आईला जमणार नाही, मेट्रोनं येते, असं कशी म्हणालीस? मी कुठे नाही म्हटलं?”

“तू बघते म्हटलीस ना. बघते म्हणजे नाही.” रुचाला सगळं मराठी धड येत नाही. ‘मैत्रिणीच्या’चं ‘मैत्रीणच्या’ करते. पण हा शब्द तिला पक्का माहीत होता.

माधव वर्तमानपत्राआडून म्हणाला, “ते तर आपल्याकडे मांजरालाही कळतं.”

“आणि हिंदीत?” उज्ज्वलानं विचारलं. “हिंदीत ‘देख लेती हूँ’ म्हटलं तर?”

“तर काम तुझ्या गळ्यात. देख लेती हूँ म्हणजे मी करते, तुम्ही काळजी सोडा.”

तव्यावरची पोळी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. चार महिने ती त्या मुलाला रोज नाही म्हणत होती आणि तो रोज हो ऐकत होता! बिचारा आईच्या तोंडचे शब्द मराठीत ऐकत होता आणि अर्थ गुरुग्रामचा लावत होता. तिला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला. एकदा, फक्त एकदा सरळ बोलली असती तर?

गुरुवारी तिनं पोहण्याची पिशवी टेबलाखाली ठेवली आणि दिवसभर पायानं चाचपत राहिली. बरोबर साडेपाचला अजेय आला.

“ताई, एक छोटीशी मदत. मायक्रोवेव्हचे चौसष्ट पानं आहेत. उद्या सकाळी जायचे आहेत. आज होऊन जाईल?”

‘ब’ तिच्या ओठांवर येऊन ठेपला होता. तिनं तो गिळला.

“नाही,” उज्ज्वला म्हणाली.

अजेयनं काळजीनं विचारलं, “काही झालं का, ताई? घरी सगळं ठीक?”

“सगळं ठीक. मला सहाला निघायचंय.”

“पण तुम्ही तर कधी नाही म्हणतच नाही!”

“मी रोज नाही म्हणते, अजेय. जूनपासून रोज.” आणि तिनं त्याला ‘बघते’चा अर्थ सांगितला. रोजचे अडीच तास, डोकेदुखी, सगळं सांगितलं. “चूक माझीही आहे. मी स्पष्ट बोलायला हवं होतं. पण सहानंतरचं काम माणूस मर्जीनं करतोय की नाही, हे तुम्हीही एकदा विचारायला हवं होतं.”

अजेयचा चेहरा पडला, मग जरा फुरंगटला. “असं कसं असेल? बघते म्हणजे बघते. थांबा, मी आईला विचारतो.” आणि त्यानं तिथेच, तिच्या टेबलाशी उभं राहून, फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“आई, एक सांग. कोणी बघते म्हटलं तर त्याचा मतलब काय?”

“म्हणजे नाही,” पलीकडून तत्काळ उत्तर आलं. “तुझे बाबा लग्नानंतर आठवड्यात शिकले होते. तुला बत्तीस वर्षांत नाही कळलं?”

उज्ज्वलाला हसू आवरेना. पण अजेय हसत नव्हता. त्यानं स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि हळू आवाजात विचारलं, “आई, मग दिवाळीत तू इथे येणार होती ते? मी दर रविवारी विचारतो, तू बघते म्हणते. मी तर तुझ्यासाठी पलंगही घेतला.”

पलीकडे काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. तिनं मान खाली घालून स्क्रू मोजायचं सोंग केलं. तिला त्याची इतकी दया आली की पिशवी उचलून निघावं की थांबावं कळेना. अजेय बराच वेळ नुसता “हं, हं” करत राहिला. शेवटी म्हणाला, “नाही आई, मला खरंच पाहिजे तू आलेली. शिष्टाचारानं नाही म्हणत मी.”

फोन ठेवून त्यानं नाक पुसलं. “तिला वाटलं मी फक्त म्हणायचं म्हणून म्हणतो,” तो म्हणाला. मग घड्याळाकडे पाहिलं. “ताई, सहाला पाच कमी आहेत. तुम्ही निघा.”

“आणि चौसष्ट पानं?”

“उद्या सकाळचं मीच गुरुग्रामच्या हेड ऑफिसला कबूल करून आलो होतो, तुमच्या जोरावर. सोमवार मागतो. आणि सोळा-सोळा पानं चौघांत, दिवसाच्या वेळात.” तो बोर्डापाशी गेला, तिचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं ते त्यानं तळहातानं पुसलं. “पुढच्या वेळी नाव लिहिण्याआधी विचारेन. मराठीत नाही, इंग्रजीत. आणि संध्याकाळी नाही, सकाळी.”

ऑटोत बसल्यावर उज्ज्वलानं पिशवी मांडीवर घेतली. कुणाचंही मन न दुखवता नाही म्हणता आलं असं काही झालं नव्हतं, चांगलं दुखवलं होतं, आणि तरी सगळं जागच्या जागी होतं. रस्त्यात दुर्गापूजेच्या काढून झालेल्या मंडपांचे बांबू रचून ठेवले होते. तिला एकाएकी फार भूक लागली.

तलावावर रुचा कठड्याला टेकून उभी होती. हिला कुणी सांगितलं? बहुधा माधवनं. मौशुमीदींनी उज्ज्वलाकडे नखशिखांत पाहिलं, इतके दिवस कुठे होतात हे विचारलं नाही, नुसती शिट्टी वाजवली.

पहिले दहा मीटर बरे गेले. पंधराच्या पुढे दम सुटला, नाकात पाणी गेलं, पाय जड झाले. बाजूचा दांडा हाताच्या अंतरावर होता. वरून रुचा ओरडत होती, मराठीत, चुकीच्या मराठीत, “आई, अजून थोडीच आहे, अजून थोडीच!” उज्ज्वलानं दांड्याकडे पाहिलं नाही. हात मारत राहिली, आणि एका हाताला एकदम खरखरीत फरशी लागली. पलीकडचा काठ! तिथे धरून ती खोकली, हसली, पुन्हा खोकली.

रुचा धावत आली आणि आईचाच फोन तिच्या तोंडासमोर धरला. अजेयचा मेसेज होता: ‘गुरुग्राम ऑफिस बोलले उद्याच पाहिजे. मी देखता हूँ बोललो. ते थँक्यू बोलले!! परत फोन करून नाही म्हणालो. सोमवार मिळाला. आई पण हो म्हणाली. खरंवालं हो.’

मौशुमीदी काठावर उकिडव्या बसल्या. वेळ अजून होता, तलाव अजून अर्धा तास उघडा होता. त्यांनी आल्या वाटेकडे बोट केलं. “फिरबेन?”

पंचवीस मीटर परत! उज्ज्वलाचे खांदे दुखत होते, छाती भात्यासारखी चालू होती. तोंडातून सवयीनं निघून गेलं, “देखि...”

“देखि-टेखि चोलबे ना,” मौशुमीदी म्हणाल्या. बंगालीतही या शब्दाची हीच गत आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. “हॅं, कि ना?”

उज्ज्वलानं क्षणभर खरोखर विचार केला. नाही म्हणायला आता काहीच अडत नव्हतं.

“हो,” ती मराठीतच म्हणाली, आणि तिनं दोन्ही पायांनी भिंतीला रेटा दिला.