शंभरपर्यंत तुमचे

दोघा भावांचं बिनसलं तेव्हा घराच्या मधोमध भिंत आली. पुढचं दुकान मोठ्याकडे गेलं, गच्ची धाकट्याकडे, आणि त्यांची आई, म्हणजे सुनांच्या सासूबाई, सहा-सहा महिने दोघांकडे. इंटरनेटची लाइन मात्र एकच होती, आणि तिचा राउटर नेमका मोठ्याच्या बाजूला. दुसरी लाइन जो घेईल त्याने माघार घेतल्यासारखं होणार, म्हणून कोणीच घेईना.

मग धाकट्या सुनेने त्या लाइनचीही वाटणी केली. ती एका कंपनीत नेटवर्कचंच काम करायची. घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, तोच त्याचा पत्ता. दोघांना एकच नंबर दिला की एकाचं टपाल दुसऱ्याकडे जातं आणि दोघंही बोंबलत बसतात. तिने कागदावर लिहून दिलं: एक नंबर राउटरचा, तो सगळ्यांचा. दोन ते शंभर भाऊजींचे, एकशे एक ते दोनशे आमचे. मोठ्या दिरांनी तोंड वाकडं करून खाली सही केली.

अन् पुढच्याच महिन्यात त्यांनी दुकानात कॅमेरे लावले, त्यातला एक थेट एकशे पंधरावर. एकशे पंधरा म्हणजे तिचा ऑफिसचा लॅपटॉप. व्हिडिओ कॉलवर साहेबांशी बोलता बोलता ती तीनदा मध्येच गायब झाली. सांगायला गेली तर भाऊजी गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "आकडे काय माहेराहून आणलेस?" गिऱ्हाइकं हसली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवरा म्हणाला, जाऊ दे, आपणच नंबर बदलू. हा माणूस जन्मभर जाऊ देच म्हणत आला, म्हणून तर दुकान गेलं. ती काही जाऊ देणाऱ्यांतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला आणि त्याला एक नंबर दिला, राउटरचाच. बाहेर जायचा रस्ता विचारणाऱ्या प्रत्येक यंत्राला आता तो ठणकावून सांगणार, एक नंबर मीच, द्या इकडे. आणि येईल ते गिळून बसणार. त्या टपालाची पाकिटं कुलूपबंद होती, आतलं तिला वाचता आलं नसतं, पण वाचायचं होतं कोणाला? अडवली की झालं. स्वतःच्या यंत्रांना मात्र तिने खऱ्या राउटरची ओळख आधीच पक्की करून दिली होती. पलीकडचं इंटरनेट ठप्प झालं आणि दुपारपर्यंत भाऊजींचा चढलेला आवाज भिंतीपलीकडून येऊ लागला. तिने मजेत चहा केला.

साडेचारला मोठी जाऊ बाहेरून आली आणि तिने किंकाळी फोडली. सासूबाई मागच्या न्हाणीघरात दोन तास पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. मनगटाला मदतीचं बटण होतं; ते दाबलं की इंटरनेटवरून चौघांच्याही फोनवर घंटा वाजायची. ते धाकटीनेच बसवलं होतं, सासूबाई तिच्याकडे असताना, तिच्याच आकड्यांतल्या एकशे चाळीसवर. सहा महिने संपले तसं सासूबाईंबरोबर तेही पलीकडे गेलं, आणि सकाळी आपली यंत्रं मोजताना ते तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

स्ट्रेचरवरून सासूबाईंनी तिचाच हात धरला. "दाबत होते गं मी. तू म्हणाली होतीस ना, दाबलं की येईन."

दवाखान्यातून परत आल्यावर तिने आधी तो लॅपटॉप उघडला. जे जे गिळलं त्याची यादी होती. एकशे चाळीस, अकरा वेळा. तिने लॅपटॉप बंद केला, तार उपटली आणि सगळं कपाटात कोंबलं.

तेवढ्यात दारात भाऊजी उभे राहिले. भिंत झाल्यापासून पहिल्यांदाच. डोळे सुजले होते.

"माझ्या कॅमेऱ्यानेच आईच्या बटणाचा नंबर घेतला ना? तू बजावलं होतंस. मी ऐकलं नाही."

हेच त्यांच्या तोंडून ऐकायला ती किती दिवस तडफडत होती. नवरा तिच्याकडे बघत होता. खरं सांगितलं तर सासूबाई पुन्हा कधी तिचा हात धरणार नाहीत, हे तिला कळत होतं.

"हो," ती म्हणाली. "सांगितलं होतं मी."

भाऊजी तिथेच दारात खाली बसले आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेऊ लागले.