चार सारख्या स्प्रिंगा

कचेरीत तिला सगळे स्प्रिंगताई म्हणत. पंप असो की जनरेटर, त्याची थरथर इमारतीत उतरू नये म्हणून खाली कोणती स्प्रिंग बसवायची, हे तीच ठरवायची. दहा वर्षं हेच काम. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते काही उगाच नाही.

हॉस्पिटलच्या गच्चीवरच्या मोठ्या ब्लोअरचं काम तिचंच. वजन आठशे किलो, कोपरे चार. दोनशे-दोनशेच्या चार स्प्रिंगा मागवल्या आणि बाई मोकळी झाली. घाई होती, मान्य. पण मोटर एका कोपऱ्यावर बसते, तिथे भार जास्त येतो, हे काय तिला ठाऊक नव्हतं? प्रत्येक कोपऱ्याचा भार वेगळा काढायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास तिने वाचवला.

सहा महिन्यांनी, त्या ब्लोअरच्या बरोबर खालच्या खोलीत तिचे वडील आले. जन्मभर फिटर म्हणून राबलेला माणूस. फुप्फुसं गेलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. दुसरी खोली रिकामी नव्हती. त्यांचं मागणं एकच, "औषधं पुरे झाली. एकदा गाढ झोप लागू दे."

"झोप लागते ना, बाबा?" ती रोज विचारायची.

"लागते की! तुझी आजी म्हणायची, याला रस्त्यावर टाका, तिथेही घोरेल." ताकास तूर लागू देतील तर शपथ!

शेवटी नर्सनेच तिला जिन्यात गाठलं. "अहो, त्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. पलंग थरथरतो. मी तक्रार लिहायला घेतली, तर माझा हात धरला. म्हणाले, वरचं काम माझ्या पोरीचं आहे, तिच्या नोकरीवर येईल."

ती तशीच गच्चीवर गेली. तीन स्प्रिंगा ठीक होत्या. मोटरखालची चौथी पार दबून तिची वेटोळी एकमेकांना टेकली होती. ती स्प्रिंग कसली, नुसता लोखंडी ठोकळा! सगळी थरथर तिथून स्लॅबमध्ये उतरत होती. ब्लोअर बंद ठेवावा तर ऑपरेशन थिएटरची हवा त्याच्यावर. तिने रबराचे तुकडे सरकवून पाहिले, पण मेल्याला काडीचा फरक पडेना.

खाली येऊन तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. मोटरचा कोपरा बसलाय. सारखी वाटणी केलीस ना?"

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? आपलेच दात, आपलेच ओठ."

तिला ब्रह्मांड आठवलं. त्यांनी ओरडायला हवं होतं, निदान दोन शिव्या तरी द्यायच्या. त्यांनी उलट चष्मा मागितला. "रडतेस काय, इंजिनीअरसाहेब? आकडे आण."

तिने चारही कोपऱ्यांचे भार काढले. तीनशे दहा, दोनशे दहा, एकशे साठ, एकशे वीस. ज्याच्या त्याच्या भाराखाली प्रत्येक स्प्रिंग इंचभरच दबेल, अशा चार वेगवेगळ्या स्प्रिंगा निवडल्या. बाबांनी पेन्सिलने बेरीज तपासली. साहेबांना तिने स्वतःच चूक सांगितली. कारखान्याने दहा दिवस सांगितले. हातापाया पडून तिने ते आठवर आणले.

बाबा सहाव्या दिवशी दुपारी गेले. जागेच होते.

आठव्या दिवशी स्प्रिंगा आल्या. दुसऱ्या कुणाला तरी पाठव, असं भाऊ म्हणाला. तिने ऐकलं नाही. थिएटर रिकामं असताना दोन तासांत तिने त्या बसवून घेतल्या आणि ब्लोअर सुरू केला. चारही एकसारख्या दबल्या.

मग पाय आपोआप त्या खोलीकडे वळले. पलंगावर कुणी अनोळखी आजी होत्या. उशाशी बसलेला त्यांचा मुलगा लगबगीने उठला, तोंडावर बोट ठेवून पुटपुटला, "हळू हं, ताई. आल्यापासून आत्ता कुठे झोप लागलीय आईला."

तिने मान हलवली, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि जिन्याच्या पायरीवर बसून ती ढसाढसा रडली.