वाचलेली बाई

माझे यजमान अच्युत यांनी आजवर चौदा जंगलांतून जीव वाचवून परत येण्याचा पराक्रम केला, आणि तोही सिंदी मेघेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीतून. ॲमेझॉन, कांगो, सैबेरिया, अलास्का, काही म्हणून सोडलं नाही. प्रत्यक्षात अडीच तासांच्या वर घराबाहेर राहिले तर त्यांचं पोट बिघडतं. न्हाणीघरात पाल असली की ते मला हाक मारतात आणि मी तिला घालवेपर्यंत दारात टॉवेल घेऊन उभे राहतात. पण त्यांच्या साहसकथांचा नायक भूपेंद्र मगरीच्या पाठीवरून नदी ओलांडतो, मुंग्या भाजून खातो आणि दर पुस्तकाच्या शेवटी थोडासा वाळून घरी येतो.

मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे हस्तलिखितं तपासायचं काम माझ्याकडे. अलास्काच्या पुस्तकात भूपेंद्र पेंग्विनची अंडी खातो. पेंग्विन तिकडे नसतात, ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असतात, असं मी समासात लाल शाईनं लिहिलं होतं. "मुलं एवढं बघत नाहीत गं," अच्युत म्हणाले. पेंग्विन राहिले.

त्या पुस्तकावर छापायला कोणा मोठ्या माणसाचा अभिप्राय काही मिळेना. म्हणून प्रकाशकांनी मागच्या बाजूला अच्युत यांचा चेहराच पानभर छापला. फोटो काढताना स्टुडिओवाला म्हणाला होता, डोळे मिटू नका. यांनी ते इतकं मनावर घेतलं की त्या फोटोत डोळ्यांशिवाय फारसं काही नाही. तो फोटो बदला, असं मी अकरा वर्षं सांगत होते.

या एप्रिलमध्ये प्रकाशकांनी गोदाम रिकामं केलं आणि न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे घरी पाठवून दिले. अच्युत दोन दिवस त्यांच्याकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रविवारी रद्दीवाला येतो ना? देऊन टाक. कोणी वाचलंच नाही." पंधराव्या पुस्तकाची अर्धी लिहिलेली वहीसुद्धा त्यांनी वरच्या गठ्ठ्याच्या सुतळीखाली खोचली.

त्यांच्या लेखनाचं मला फार कौतुक होतं असं नाही, आणि ते मी कधी लपवलंही नाही. पण ती वही तिथं पाहून मला वाईट वाटलं. तीस वर्षं सकाळी सहाला मागच्या खोलीतला पंखा कुरकुरत सुरू होतो आणि मी समजते की भूपेंद्र निघाला. तीन दिवस झाले, पंखा बंद होता.

गुरुवारी फोन आला. पुस्तकात लेखकाचा नंबर छापलेला असतो, पण त्यावर आजवर फक्त क्रेडिट कार्डवाले बोलले होते. अच्युत फोनवर "हो, हो" म्हणत होते, मध्येच "हॅलो, हॅलो" म्हणत होते. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"कारंजा घाडग्याकडची बाई आहे, कोकिळा म्हणून. आवाज तुटत होता, पण शेवटचं नीट ऐकू आलं. म्हणाली, तुमचं ते अलास्काचं पुस्तक... वाचली मी. शनिवारी जेवायलाच बोलावलंय."

"पुस्तक 'वाचलं' म्हणतात," मी म्हणाले. "'वाचली' कसं?"

"वऱ्हाडी बोलणं आहे, शरयू. चालायचंच."

मला ते चालण्यासारखं वाटलं नव्हतं, पण तीन दिवसांनी माणूस जेवणाबद्दल बोलत होता, म्हणून गप्प बसले. तिच्याशी बोलून येतो, तोवर गठ्ठे राहू दे, असंही ते म्हणाले. एक वाचक निघाला तर लिहायचं, नाहीतर रविवारी सगळं रद्दीत, असा त्यांचा हिशेब होता.

शनिवारी आर्वीला एसटी बदलून आम्ही कारंज्याला पोहोचलो. वाचकाच्या घरी जेवायला जाताना अच्युत यांनी सोबत टॉर्च, शिट्टी, दोरी, ग्लुकोज आणि होकायंत्र घेतलं होतं. स्टँडवर कोकिळाबाईंचे यजमान बबनराव ऑटो घेऊन आले होते. गाव तिथून चार-पाच मैल, जंगलाला अगदी लागून. घराच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोड वास डोक्यात चढत होता.

कोकिळाबाई पन्नाशीच्या, काटक. त्या ओसरीवर आल्या, अच्युत यांच्याकडे नीट बघितलं आणि हात जोडले.

"तेच डोये," त्या बबनरावांना म्हणाल्या. "म्या म्हटलं नव्हतं?"

जेवणं झाली. अच्युत यांनी घसा साफ केला. हा प्रश्न त्यांनी एसटीत दोनदा हळू आवाजात म्हणून पाहिला होता.

"तुम्हाला पुस्तकातला कुठला भाग जास्त आवडला?"

"कोन्ता भाग?"

"म्हणजे, तुम्ही वाचलंत ना?"

"मी कायले वाचू, सर? मले कुठं एवढं वाचता येते." कोकिळाबाई हसल्या. "पुस्तक नाई वाचलं. तुमच्या पुस्तकानं मी वाचली. जीवानिशी वाचली."

अच्युत यांनी चष्मा काढून हातात घेतला. बारावीत शिकणारी त्यांची मुलगी काजल चहा घेऊन आली होती. ते पुस्तक तिलाच शाळेत भाषणाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. बापडीला वाटलं, पाहुण्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलावं.

"मी वाचून राह्यलती, सर. पन अलास्कात पेंग्विन आले, मंग मी ठेवून देलं."

मी मोहाच्या फुलांकडे बघत राहिले. त्या क्षणी माझी लाल शाई बरोबर ठरली होती आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

मग कोकिळाबाईंनी सगळं सांगितलं. मोहाच्या दिवसांत बायका पहाटे पाचला जंगलात फुलं वेचायला जातात. वाकून वेचणाऱ्या माणसावर वाघ मागून येतो, म्हणून गावात पुठ्ठ्याचे मुखवटे वाटले होते. ते डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे, म्हणजे वाघाला वाटतं माणूस आपल्याकडेच बघतोय. कोकिळाबाईंचा मुखवटा बकरीनं खाल्ला. नवा कधी मिळेल ते कोणी सांगेना. तेव्हा त्यांची नजर काजलच्या फळीवर गेली.

त्यांनी ते पुस्तक आतून आणलं. दोन्ही कोपऱ्यांना भोकं पाडून नाडी ओवली होती. अच्युत यांचा चेहरा उन्हानं फिका आणि तेलानं चकचकीत झाला होता, डोळे मात्र जसेच्या तसे होते.

"हे बांधून आठ दिवस गेली. नवव्या दिवशी माकडं ओरडाले लागले. मले मांगं पाहाची हिंमत नाई झाली. तानाबाई तिकडं टेकडावर होती, तिनं पाह्यलं. वाघ वीस पावलांवर आला, अन् तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यला. पाह्यलं, पाह्यलं, मंग खाली बसला. मी चालतच राह्यली. मंग तो उठून नाल्यात उतरला."

विज्ञान शिक्षिका म्हणून सांगते, वाघाचं पोट भरलेलं असेल, किंवा आणखी काही असेल. पण तानाबाईंना बोलावून आणलं आणि त्यांनीही अच्युत यांना बघून हात जोडले, तेव्हा मी सरकून तानाबाईंना बसायला जागा करून दिली.

अच्युत पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते.  मला वाटलं आता ते उठतील आणि परतीची एसटी विचारतील.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी नऊ दिवस जंगलात होतो?"

"रोज," कोकिळाबाई म्हणाल्या. "पाच वाजतापासून."

"दहा वाजेलोक," बबनराव म्हणाले.

"पाच तास," अच्युत माझ्याकडे बघून म्हणाले.

मग त्यांनी चष्मा लावला. "तुम्ही पळाला कशा नाहीत?"

"काऊन पळाचं? पळलं का तो मांगं येते."

वही घरी, सुतळीखाली. त्यांनी ते वाक्य एसटीच्या तिकिटाच्या मागे लिहिलं. तिकीट भरलं तेव्हा काजलनं आपली जुनी वही दिली. पाणी कुठलं पितात, पायात काय घालतात, माकड भीतीनं ओरडलं ते कसं कळतं, टोपली फेकायची की धरून ठेवायची. उत्तरं येत होती आणि ते खाली मान घालून लिहीत होते. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला इतकं काही विचारताना मी पाहिलं नव्हतं. मला तर ते फक्त चहा झाला का एवढंच विचारतात.

निघताना कोकिळाबाईंनी अडवलं. "सर, असे अजून आहेत काय? गावातल्या बायाईले पाह्यजे."

"चौदा निरनिराळी पुस्तकं आहेत," अच्युत म्हणाले.

"नाई, हे डोयेवालंच पाह्यजे."

रविवारी रद्दीवाला रिकाम्या हातानं परत गेला. अलास्काचे सगळे गठ्ठे बबनरावांच्या ऑटोनं गेले. ती आवृत्ती अकरा वर्षांनी संपली. मोह पडायचा थांबेपर्यंत आमच्या घरातला एक मनुष्य तीसेक बायकांच्या डोक्यामागे बसून जंगलात जात होता, आणि त्याच वेळी मागच्या खोलीत पंख्याखाली लिहीतही होता.

पंधराव्या पुस्तकात भूपेंद्र नाही. त्यात एक बाई आहे, जी घरापासून कोसभर जाते आणि परत येते. मी लाल पेन घेऊन बसले होते, पण विज्ञानाची एकही चूक सापडली नाही. सापडावी असंही या वेळी वाटत नव्हतं. पुस्तक दिवाळीच्या आधी आलं, आणि पहिली प्रत कारंज्याला गेली.

पंधरा दिवसांनी फोन आला. अच्युत यांनी या वेळी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"सर, कोकिळा बोलून राह्यली. वाचलं तुमचं पुस्तक."

अच्युत उठून उभे राहिले. "नीट सांगा, कोकिळाबाई. वाचलं, की वाचलात?"

"वाचलं, वाचलं. काजलनं पुरं वाचून दाखोलं. पन सर, वाघ चुकला तुमचा."

"कसा?"

"तो गुरगुरला असं लिवलं तुमी. तो काईच नाई बोलला. निस्ता पाह्यत होता, असं सांगे तानाबाई. बोलला असता तं एवढं भेव नसतं लागलं."

अच्युत यांनी माझ्यापुढे हात केला. मी त्यांना लाल पेन दिलं. त्यांनी पुस्तकाचं ते पान उघडलं, गुरगुरणं खोडलं, आणि फोन ठेवला.

"चूक काढली तिनं, शरयू," ते म्हणाले. "म्हणजे वाचलं."

डोळे अगदी फोटोतल्यासारखे झाले होते. ते पुसायला त्यांनी मला टॉवेल मागितला, आणि मी आणून दिला.